फिबासाठी पिसांची गादी

सायप्रस एंडचा मळा, कूपर नदी
जानेवारी १८५२, झोडणी संपली तो आठवडा

डॉर्कस,

मी केझी. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. मालकाच्या आत्याने लहानपणी मला चार अक्षरं शिकवली होती. पुढे गुलामाला अक्षर शिकवणं गुन्हा झाला आणि आत्याबाई आम्हाला टाके शिकवायला लागली. त्या चार अक्षरांवर हे चाललंय. चुका असतील त्या गिळ, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

फिबा पोचली का? तांडेल मिंगो म्हणतो, धक्क्यावर तू हातमोजे घालून न्यायला आली होतीस. पोर गलबतातून उतरताना रडली का, असं विचारलं तर म्हणतो, मी सुकाणू बघत होतो. पुरुषाला नको ते विचारलं की त्याला सुकाणू आठवतं.

आता कामाचं. नाताळात इथल्या प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर तू जे बोललीस ते मी इथे परत लिहिते, कारण शहरात माणसं फार असतात आणि गर्दीत बोलणं हरवतं. आमच्या मालकाचा, कॅल्डरचा, धाकटा मुलगा अलाबामाला कापसाचा नवा मळा घालतोय. त्याच्या वाट्याची माणसं तो घेऊन जाणार. तिकडे गेलेलं आपलं कुणी परत आलं नाही, निरोपसुद्धा आला नाही. फिबा त्याच्या वाट्याला आली होती. म्हणून मी माझी डुकरं विकली, कोंबड्या विकल्या, थोरल्या कॅल्डरला इतकं विनवलं की शेवटी माझा आवाज ऐकायला नको म्हणून तो हो म्हणाला. मला माझी पोर विकत घेता येत नाही, मी स्वतःच त्याची. तू मोकळी. तुझा बाप तुला लहानपणी सोडवून गेला आणि तुझ्या पाठोपाठ कायद्याने दार लावलं. आता या राज्यात कुणी कुणाला मोकळं करू शकत नाही, पोटच्या पोराला घेतलं तरी ते कागदावर गुलामच राहतं. म्हणून पैसे माझे आणि खरेदीचा कागद तुझ्या नावाचा.

पण कागद तुझा, पोर माझी. तिला विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि तुझ्या घरात तिला कुणी गुलाम म्हणायचं नाही. तू बायबलावर हात ठेवून हो म्हणालीस. प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या टाइटसने ऐकलं, वस्तीने ऐकलं. इथे आमच्यात तेवढं पुरतं. माझी डुकरं कॅल्डरच्या रानात चरायची, कानाला माझी खूण होती, आणि कॅल्डरनेसुद्धा त्यांना कधी हात लावला नाही. त्याला कुठे कागद होता?

फिबाला भेंडी आवडत नाही. तिच्यावर ओरडलेलं चालतं, अबोला चालत नाही.

केझी


चार्ल्सटन, ९ फेब्रुवारी १८५२

प्रिय केझीताई,

प्रभूच्या कृपेने आम्ही सर्व खुशाल आहोत आणि तूही त्याच्या पंखांखाली सुखरूप असशील अशी प्रार्थना करते. तुझं पत्र वाचून किती आनंद झाला. अक्षर अगदी आईच्या बोलण्यासारखं आहे, सरळ अंगावर येणारं.

फिबा गुणी आहे. तिच्या बोटांत टाका आहे. काजं इतकी बारीक करते की बायका उलटसुलट करून बघतात. माझी जागा लहान, म्हणून ती तूर्त मागच्या स्वयंपाकखोलीत झोपते. तिथे उबही असते. रविवारी माझ्याबरोबर चर्चला येते. तिच्यासाठी तांब्याचा एक बिल्ला काढावा लागला, तो गळ्यात असतो. मनाला लावून घेऊ नकोस, शहराची ती रीत आहे. बिल्ला नसला तर पहारेकरी उचलून नेतात आणि मग फटके.

आता एक बातमी. आमच्या चर्चमध्ये साइलस ग्रिग नावाचे गृहस्थ आहेत. शिंपीकामाचं स्वतःचं दुकान आहे, माझ्यासारखेच मोकळे, विधुर. त्यांना एमेलिन नावाची एक मुलगी आहे, फार सुरेख आणि जपून वाढवलेली. त्यांनी मला मागणी घातली आहे. ईस्टरला लग्न होईल. इतकी वर्षं मी एकटीच सुई ओढत बसले, ताई. तुला बरं वाटेल ना?

जमलं तर थोडे तीळ पाठव. तिळाच्या वड्या तुझ्यासारख्या इथे कुणाला जमत नाहीत.

तुझी प्रेमळ बहीण,
डॉर्कस


सायप्रस एंड
मार्च, चर साफ करायचे दिवस

डॉर्कस,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मध्ये मध्ये देवच फार आला, त्यात पोर सापडेना.

लग्न करतेस, कर. मला बरं वाटतंय. या वयात नवरा करायचा तर मिशी नाही, दात बघावेत. शिंपी म्हणजे बरा, बसून काम करतो, हरवत नाही. तीळ मिंगोबरोबर पाठवलेत. लग्नासाठी म्हणून दोन कोंबड्याही. त्यातली लाल आहे ती अंडी देते, तिला मारू नकोस. मारशीलच म्हणा.

आता बिल्ला. मिंगो चार्ल्सटनला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. तो म्हणतो, मालकाच्या घरात राहून घरचंच काम करणाऱ्याला बिल्ला लागत नाही. बाहेर मजुरीला लावलेल्याला लागतो. म्हणजे तू तिला बाहेर लावलीस. लावलीस तर लावलीस, पोर रिकामी बसू नये हे मलाही पटतं. पण मग तसं लिही. शहराची रीत, म्हणे. मी नदीकाठी राहते, नदीत नाही.

आणि स्वयंपाकखोलीत कशाला? तुझ्या खोलीत खाली जमीन नाही का? आपण दोघी एका गोणपाटावर निजायचो आणि तू लाथा मारायचीस. मी कधी तुला चुलीपाशी पाठवलं नाही.

फिबाला सांग, पांढऱ्या डुकरिणीचं एक पिल्लू मी विकलं नव्हतं, ते मोठं झालं.

केझी


चार्ल्सटन, २६ एप्रिल १८५२

प्रिय केझीताई,

लग्न प्रभूच्या आशीर्वादाने पार पडलं. आता मी मिसेस ग्रिग. मिस्टर ग्रिगच्या घराला दोन मजले आहेत, पुढे लोखंडी फाटक आहे आणि आत एक अंजिराचं झाड. त्याखाली बसून हे लिहिते आहे.

तू रागावलीस ते समजलं. फिबा आठवड्यातले काही दिवस एका गोऱ्या बाईंकडे शिवायला जाते, एवढंच. तिलाही चार घरं कळतात. आणि ताई, या घराची एक रीत आहे. मिस्टर ग्रिग शहरातल्या मोठमोठ्या लोकांचे कोट शिवतात, घरात चांगली माणसं येतात. म्हणून पाहुण्यांपुढे फिबा मला ‘मिस डॉर्कस’ म्हणते. पाठीमागे मावशीच. पोरीने लगेच समजून घेतलं, तूही घे. तांडेल मिंगो आला तर त्याला मागच्या फाटकाने यायला सांग. त्याचे पाय चिखलाने भरलेले असतात.

एक विनंती आहे. घरात वयात आलेली मुलगी आहे आणि तिच्यासाठी एक चांगली पिसांची गादी असावी असं फार मनात आहे. इथे विकत मिळतात त्यांत निम्मं गवत असतं. तू मालकाची बदकं-कोंबड्या सांभाळतेस, तुझ्याइतकी पिसं कुणाला कळणार? आईने केली होती तशी करशील? घाई नाही, हिवाळ्याच्या आत आली म्हणजे झालं.

रोज रात्री प्रार्थनेत तुझं नाव घेते.

डॉर्कस


सायप्रस एंड
सप्टेंबर, कापणी चालू

डॉर्कस,

गादी मिंगोबरोबर येते आहे. भिजू देऊ नको म्हणून त्याला इतकं बजावलंय की तो म्हणाला, केझी, मीच हिच्यावर झोपतो, म्हणजे वरून पाऊस आला तर मी भिजेन.

तुझ्या त्या मिसचा आणि मागच्या फाटकाचा मला राग आला होता. पत्र लिहायलाच घेणार होते, मग शेवटी गादीचं वाचलं आणि हात थांबला. मनात म्हटलं, चला, पोरीला चुलीपासून उठवते आहे. मोठ्या घरात गेली तशी मोठ्या मनाची झाली. तुला मी वाईट समजले, ते सोड.

मालकाच्या बदकांची पिसं मालकाच्या घरी जातात, ती मोजून जातात. ही त्यातली नाहीत. ही आमची आहेत. कुणाकडे रविवारी कोंबडी शिजली की पोरं मूठ मूठ पिसं आणून माझ्या दारात टाकायची. फिबाला म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. टाइटसने त्याचा म्हातारा कोंबडा कापला. तो इतका चिवट होता की दिवसभर उकळूनही दात लागेना, पण म्हणाला, पिसं तर मऊ आहेत ना. मग कणसं भरली आणि भातावर पाखरं उतरली. तुला आठवतात का, आभाळ काळं करणारी? पोरं पाखरं मारून आणायची. आम्ही पाखरं खाल्ली आणि उरांवरची पिसं ठेवली. सगळ्यात मऊ तीच. ती मी डोक्याच्या बाजूला भरली आहेत.

कणा काढून, उन्हात घालून, भाजल्या वाळूतून फिरवून घेतलीत, किडा लागणार नाही. कड निळ्या दोऱ्याने शिवली आहे. हा रंग वाईटाला आत येऊ देत नाही, हे फिबाला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा झटकायला सांग. पहिल्या रात्री झोप नाही लागायची, पाठ जमिनीला सरावलेली असते. नंतर लागते.

माझं नेमून दिलेलं काम संपलं की उरलेला दिवस माझा. उन्हाळाभर माझा तो सगळा उरलेला दिवस या गादीत गेलाय. वाया गेला असं वाटत नाही.

केझी


चार्ल्सटन, ११ ऑक्टोबर १८५२

प्रिय केझीताई,

गादी पोचली. फार उत्तम झाली आहे. मुलीला अतिशय आवडली, मिस्टर ग्रिगनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, असं काम हल्ली होत नाही.

फिबाची तब्येत चांगली आहे. तिचं सगळं मार्गी लागतं आहे, तू काळजी करू नकोस. सध्या घरात फार धावपळ आहे म्हणून थोडक्यात लिहिते. मिंगोने तूर्त घरी येऊ नये हे बरं. निरोप असेल तर धक्क्यावरच्या दुकानात ठेवावा.

डॉर्कस


सायप्रस एंड
डिसेंबर १८५२

डॉर्कस,

काल मिंगो आला.

तो कोंबड्यांच्या आवारात उभा राहिला आणि टोपी फिरवत बसला. मिंगो टोपी फिरवतो तेव्हा कुणीतरी मेलेलं असतं. मी म्हटलं, बोल. तर म्हणाला, केझी, तू पोर दिलीस ते आम्हाला निदान सांगायचंस. म्हटलं, कुठे दिली? तेव्हा तो बोलायला लागला. त्याने जे सांगितलं ते मी लिहिते, आणि यात काही खोटं असेल तर तू तिथे खोड.

तो धक्क्यावर भात उतरवत होता. शेजारी मोबीलला जाणारं जहाज लागलं होतं. तुम्ही सगळे आलात. एमेलिन नव्या टोपीत, तिचा नवा नवरा, तुझा साइलस, आणि तू रुमाल धरून. तुमच्या मागे फिबा. डोक्यावर गादी. निळ्या दोऱ्याची.

मिंगोने हाक मारली, “पोरी, कुठे?”

“मोबीलला. एमेलिनमिसबरोबर. मला आंदण दिलंय.”

“आईला ठाऊक आहे?”

“तिनेच हो म्हटलं ना. मावशी म्हणाली. ही गादी आईने लग्नासाठीच शिवून पाठवली.” मग थोडं थांबून म्हणाली, “तिला सांग मी रडले नाही. आईने दिलं म्हणजे काही विचार करूनच दिलं असेल.”

तेवढ्यात तू वळून तिला चल म्हणालीस. मिंगोकडे तू बघितलंस आणि बघितलंच नाही असं केलंस. तो तुझ्या लग्नाच्या कोंबड्या घेऊन आला होता, डॉर्कस.

माझ्या हातात कोंबड्यांचं खाणं होतं ते मी मिंगोच्या तोंडावर फेकलं. त्याचा काय दोष? त्यालाही खरं वाटलं. वस्तीतल्या अर्ध्या लोकांना खरं वाटलं असणार. मूठ मूठ पिसं त्यांनीच आणून दिली होती.

मुलगी आहे घरात, तिच्यासाठी गादी हवी, असं तू लिहिलंस. खोटं एक अक्षर नाही त्यात. मी बसून शोधलं. किती जपून लिहिलं असशील. एवढं जपून काजं करत असशील तर तुझी शिलाई चालते यात नवल नाही.

मोबील म्हणजे अलाबामाच. तिथे जाऊ नये म्हणून मी तिला तुझ्या हाती दिलं. कॅल्डरच्या पोराबरोबर गेली असती तर निदान वस्तीतली माणसं बरोबर असती. आणि तिला ठाऊक असतं की आईच्या हातून ओढून नेलंय. आता ती तिथे उठते, पाणी भरते, त्या पोरीचे केस विंचरते, आणि मनात म्हणते, आईने दिलं.

शिव्या मी नंतर देईन. आधी एक काम कर. तुझ्या सावत्र मुलीला लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, तिला वाचता येतं. लिही की हे फिबाला वाचून दाखव: तुझ्या आईला ठाऊक नव्हतं. तिने तुला दिलं नाही. बस. मला डुकरं परत नकोत, गादी नको, तुझं रडणं नको. हे दोन शब्द पोचव.

केझी


चार्ल्सटन, ३ जानेवारी १८५३

ताई,

तुझं पत्र वाचून मी अंथरूण धरलं. आता उठून बसले आहे तर सगळं सांगते.

मला कायदा ठाऊक नव्हता, प्रभू साक्षी आहे. लग्न झालं की बायकोच्या नावावरचं सगळं नवऱ्याचं होतं. घड्याळ, सुया, माझी खुर्ची, आणि फिबा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिस्टर ग्रिगनी मला हे समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. मी म्हटलं, ती माझी भाची आहे. ते म्हणाले, म्हणूनच घरात राहील. मग एमेलिनचं ठरलं. मुलाचं घर मोबीलमधलं नावाजलेलं, तिथे मोकळ्या लोकांना नव्याने राहू देत नाहीत, पण तिच्या सासऱ्यांनी वजन वापरून ते बघून घेतलं. त्यांची अपेक्षा होती की मुलगी दासीशिवाय येऊ नये. चांगल्या घरात तशीच रीत आहे. मिस्टर ग्रिग म्हणाले, दुसरी कुठून आणू? मी दोन रात्री बोलले नाही त्यांच्याशी. त्यापुढे बाई काय करू शकते?

गादी मी आधी मागितली होती, तेव्हा फक्त एमेलिनसाठी मागितली. तू फिबाची समजलीस. मी ते दुरुस्त केलं नाही, हे खरं. आणि फिबा जायला तयार होईना. रात्रभर फाटकाला धरून बसली. मिस्टर ग्रिग म्हणाले, आरडाओरडा झाला तर पहारा बोलावतो, फटके बसतील. मला ते बघवलं नसतं. म्हणून मी तिला म्हटलं की तुझ्या आईची संमती आहे, आणि गादी दाखवली. ती लगेच उठली. ताई, तिला फटके बसू नयेत म्हणून मी हे केलं.

तू सांगतेस तसं पत्र मला पाठवता येत नाही. एमेलिनला जाणारी सगळी पत्रं मिस्टर ग्रिग वाचतात. ते म्हणतात, अशाने दासी बिथरते, पळायला बघते. मी स्वतः जाऊन भेटले असते, पण तुला माहीत असेल, आमच्यासारखं मोकळं माणूस एकदा या राज्याबाहेर गेलं की त्याला परत पाऊल टाकू देत नाहीत. माझं घर इथे, चर्च इथे, सगळं आयुष्य इथे.

आणखी एक मागणं आहे. तुमच्या टाइटसने मिंगोकडून आमच्या मंडळीला निरोप धाडला. तो मिंगो चर्चच्या अंगणात सर्वांसमोर बोलला. आता म्हणतात, जोवर बहीण क्षमा करत नाही तोवर मला प्रीतिभोजनाची चिठ्ठी नाही, म्हणजे चर्चच्या पंगतीत जागा नाही. मी रविवारी वरच्या सज्जात मागच्या बाकावर एकटी बसते. बायका घागरे आवरून घेतात. तू एक ओळ लिहून दे की तू मला क्षमा केलीस. तू कठोर बोलतेस पण मनाची कठोर नाहीस. आपली आई असती तर तिने हेच सांगितलं असतं.

तुझी दुःखी बहीण,
डॉर्कस


सायप्रस एंड
फेब्रुवारी १८५३

डॉर्कस,

तुझं पत्र मी प्रार्थनाघरात मोठ्याने वाचलं. ज्यांच्यासमोर तू शब्द दिलास त्यांना ऐकायचा हक्क होता. फाटकाचं वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. उरलेलं टाइटसने तोंडपाठ सांगितल्यासारखं पुढे सांगितलं. त्याला वाचता येत नाही. तो म्हणाला, पुढे काय असणार ते मला कळतं, पुढे ती स्वतःबद्दल बोलली असणार.

फटके बसू नयेत म्हणून केलंस, म्हणतेस. मला फटके बसलेत, फिबाला कॅल्डरच्या मुकादमाने मारलंय, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वळ जातात. रात्रभर फाटक धरून बसलेली माझी पोर माझं नाव ऐकून उठली. दुसऱ्या कुणाच्या नावाने उठली नसती. तुझ्या नवऱ्याला ते जमलं नसतं, पहाऱ्याला जमलं नसतं. ते तुलाच जमलं, कारण तुला ठाऊक होतं की ती माझ्यावर किती विश्वास ठेवते. त्या विश्वासावर तू हात मारलास. कॅल्डरने मला जन्मभर राबवलं, पण माझ्या तोंडून माझ्या पोरीला कधी विकलं नाही.

कायदा ठाऊक नव्हता, असेल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळला. त्यानंतर गादी मागितलीस. त्यानंतर तिळाच्या वड्यांसारखी गोड पत्रं लिहिलीस. एक ओळ टाकायची होतीस: ताई, घात झाला. मी काही करू शकले असते असं नाही. टाइटस काही करू शकला असता असंही नाही. पण मिंगो धक्क्यावर होता. त्याने पोरीला खरं सांगितलं असतं. ती गेलीच असती, पण आई बरोबर घेऊन गेली असती. आता तीही नाही.

मिंगोने मोबीलच्या जहाजावरच्या एका आचाऱ्याजवळ निरोप दिला आहे. तो दुसऱ्याला देईल, दुसरा तिसऱ्याला. एवढ्या पुरुषांच्या तोंडातून जाताना काय उरेल देव जाणे. कुणी ‘आईने दिलं नाही’ यातलं ‘नाही’ वाटेत सांडलं तर संपलं. मी रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना ते वाक्य म्हणते, जसं काही मी म्हटल्याने ते तिकडे नीट पोचणार आहे.

क्षमा मागितलीस. तुझ्या मंडळीला दाखवायला हे पत्र दाखव, मी मुद्दाम नीट अक्षरात लिहिते आहे. माझ्याजवळ क्षमा नाही. लपवून ठेवलेली नाही, खरंच नाही. ती ज्या पोरीची आहे तिच्याकडे गेली. तुला हवी असेल तर मोबीलला जा. तिच्यासमोर उभी राहा आणि तुझ्या तोंडाने सांग: तुझी आई खोटं बोलली नाही, मी बोलले. मग ती काय म्हणेल ते तुझं आणि तिचं. हो म्हणाली तर माझंही हो.

गेलीस तर परत येता येणार नाही, ते मला कळलं. फिबालाही येता येणार नाही.

केझी